सुभेदारांचा चोई

सुभेदार गांगुर्डे गेले त्याला वर्ष होत आलं. देवळाली कॅम्पात त्यांचं नाव निघालं की काही जण म्हणतात, देवमाणूस. काही जण आधी आजूबाजूला बघतात आणि मग म्हणतात, जाऊ द्या. मी या दुसऱ्यांतला. इतकी वर्षं मी 'जाऊ द्या' एवढंच म्हणत आलो. बायकोलाही यापलीकडे काही सांगितलं नाही.

मी त्यांचा भाडेकरू. गाव बागलाणातलं, सटाण्याकडचं, नोकरी अंबडच्या एका कारखान्यात, स्टोअरमध्ये. खालच्या दोन खोल्या आमच्या, वरचा मजला आणि गच्ची सुभेदारांची. बायको नव्हती, मूल नव्हतं. गच्चीवर कबुतरं होती. तोफखान्यात नोकरी झालेली असल्यामुळे डावा कान जवळजवळ गेलेला. कुणी त्या बाजूने बोललं तर ते मान वळवत नसत, नुसते डोळे वळवत. समोरच्याला वाटायचं, याला ऐकू आलंय आणि हा आपल्याला जोखतोय. बहुतेक वेळा तसंच असायचं.

पहिल्या आठवड्यातली गोष्ट. माझ्या बायकोने त्यांचा स्टीलचा डबा परत द्यायला मला वर पाठवलं. दार उघडं, टेबलावर चहाचा कप, वाफ निघतेय, आणि खोलीत कुणी नाही. मी उंबऱ्याबाहेरून हाक मारली. पुन्हा मारली. आत जावं की डबा तिथंच ठेवावा या विचारात उभा होतो, तेवढ्यात उघडलेल्या दाराच्या मागून, भिंत आणि फळी यांच्यामधल्या वीतभर जागेतून, सुभेदार बाहेर आले. अंगावर पांढरा बनियन, चेहऱ्यावर काही नाही.

"हाका मारल्यास, पण आत पाऊल नाही टाकलंस," ते म्हणाले. "बस. चहा घे."

"तुम्ही तिथं काय करत होतात?"

"बघत होतो."

चहा पिताना त्यांनी मला पहिल्यांदा चोईबद्दल सांगितलं. ते असं सांगत होते, जणू तो त्यांच्या भावकीतला कुणी थोरला माणूस असावा.

हा चोई म्हणजे आठशे वर्षांपूर्वीचा कोरियातला सेनापती, चोई छुंगहन. सुभेदारांचे वडीलही फौजेत होते. कोरियातली लढाई थांबल्यावर युद्धकैदी सांभाळायला आपलं सैन्य तिकडे गेलं, त्यात ते होते. तारेच्या कुंपणाआड एक कैदी होता, मूळचा शाळामास्तर. मोडक्यातोडक्या इंग्रजीत, उरलेलं हातवाऱ्यांनी, त्याने गस्तीवरच्या या मराठी शिपायाला आपल्या मुलखाची एक गोष्ट सांगितली. वडील परत आले ते ती गोष्ट घेऊन. इतरांनी घोंगड्या आणल्या, घड्याळं आणली. यांनी चोई आणला. पुढे दोन मुलगे झाले, रामकृष्ण आणि माधव, आणि दोघं राम-लक्ष्मणाच्या आधी चोई ऐकत मोठे झाले.

गोष्ट कबुतरापासून सुरू होते. राज्यात राजा होता, पण चालायचं एका सरदाराचं. त्या सरदाराच्या पोराने चोईच्या धाकट्या भावाचं, छुंगसूचं, कबूतर पळवलं. छुंगसू मागायला गेला तर त्यालाच बांधायला लावलं. दोघा भावांनी मिळून त्या सरदाराला ठार केलं आणि राज्य चोईच्या हातात आलं. पण तो सिंहासनावर बसला नाही. त्याने दोन राजे उतरवले, चार राजे बसवले, आणि स्वतः बाजूला उभा राहिला. एकदा एका राजाने त्याला वाड्यात बोलावून मारेकरी घातले, तेव्हा तो दोन कागदी दारांच्या मधल्या फटीत श्वास धरून उभा राहिला. मारेकरी शोधून शोधून गेले.

"वीतभर जागा पुरते माणसाला," सुभेदार म्हणाले. आणि ते मघाशी कुठून बाहेर आले ते मला आठवलं.

त्यांची गादी रोज वेगळ्या खोलीत असायची. कधी गच्चीच्या दाराशी, कधी मोरीजवळ, कधी स्वयंपाकघरात. आम्हाला खालून पावलांवरून कळायचं, आज इकडे आहेत. मग खोकला मात्र दुसरीकडूनच यायचा. माझी मुलगी मुग्धा तेव्हा शाळेत होती, ती म्हणायची, "बाबा, वर दोन जण राहतात का?" आम्ही हसायचो. पुढे हसणं कमी झालं.

कॅम्पातल्या आमच्या गल्लीच्या गणेश मंडळात त्यांचाच शब्द चालायचा, पण पद त्यांनी कधी घेतलं नाही. बैठकीला येत, दाराला पाठ लावून उभे राहत. कुणीतरी दरवर्षी म्हणायचंच, "सुभेदार, यंदा तुम्हीच व्हा की अध्यक्ष."

"नको रे. खुर्ची तापते. ढुंगण भाजतं."

मग नजर फिरवत एकावर थांबवत. "हा बरा आहे." तो बरा असलेला माणूस दोन-तीन वर्षं हार घालून मिरवायचा, आणि एखाद्या वेळी सुभेदारांना न विचारता मांडववाला ठरवायचा. पुढच्या बैठकीत सुभेदार म्हणायचे, "याला आता घरच्या जबाबदाऱ्या खूप झाल्यात." खरोखर तो माणूस उभा राहून म्हणायचा, "हो, घरच्या जबाबदाऱ्या खूप झाल्यात." कुणी आवाज चढवला नाही, कुणी भांडलं नाही. एक माजी अध्यक्ष मला एकदा बसस्टॉपवर म्हणाला, "देवरे, मी तसं म्हणणार नव्हतो हो. तोंडातून निघालं."

कबुतरांचा नाद दोघा भावांना. धाकटे माधवराव स्टेशनपलीकडे राहायचे, बांधकामाची कामं घ्यायचे. भरघोस मिशा, मोठा आवाज, मला बघितलं की "काय बागलाणी, कसं काय शे?" म्हणून पाठीवर थाप मारणारे. रविवारी सकाळी दोन्ही गच्च्यांवरून थवे सुटायचे, मध्ये रेल्वेचे रूळ. तिकडे तोफांचा सराव चालू झाला की कॅम्पभर तावदानं थरथरायची, कावळे उठायचे. सुभेदारांचा थवा मात्र फिरत राहायचा, त्याच गोलात. जणू त्यांनाही एकच कान होता.

या नादाला आमच्या भागात एक रिवाज आहे. तो इथं सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. दुसऱ्याचा पक्षी चुकून आपल्या गच्चीवर उतरला की तो आपला. त्याच्या पंखांची टोकं दोऱ्याने बांधायची, जोडी लावून द्यायची, महिना-दोन महिन्यांत तो नव्या घराला रुळतो. मूळ मालकाने मागायला यायचं नाही. मागितलं की हरला. पण ज्याच्याकडे पक्षी आहे त्याने आपणहून, हातातून हातात परत दिला, तर मागचं सगळं मिटलं. घेणाऱ्याने तो खुराड्यात ठेवला, की माफ केलं. नाही ठेवला, उडवून दिला आणि पक्षी परत फिरला, तर मेल्यावर एकमेकांना खांदा द्यायलाही यायचं नाही. यावर तोंडाने बोलायचं नसतं.

भावांचं फाटलं ते माधवरावांच्या मुलीच्या लग्नावरून. एका पुढाऱ्याच्या मुलाचा साखरपुडा झालेला होता, पलीकडच्या गावातल्या मुलीशी. माधवरावांनी काय चक्रं फिरवली कोण जाणे, तो साखरपुडा मोडला आणि तो मुलगा यांचा जावई ठरला.

सुभेदार स्वतः चालत स्टेशनपलीकडे गेले. मी बरोबर होतो. त्यांच्या डाव्या बाजूने चालायला कुणीतरी लागायचं. माधवरावांच्या दारातच ते म्हणाले, "माध्या, एका पोरीला रडवून आपली पोर द्यायची नाही."

"दादा, पोर माझी आहे."

"हे आपण ऐकलेलं आहे. पुढं काय झालं ते तुला माहीत आहे."

मला कळलं नाही. माधवरावांना कळलं. चेहरा पांढराफटक पडला, आणि तो झाकायला ते ओरडले, "गोष्ट आहे ती! बाबांनी झोपवायला सांगितलेली गोष्ट! तू फौजेत गेलास, म्हातारा झालास, तरी तिच्यातच राहतोस? वेडा झालायस तू, दादा!" मग माझ्याकडे वळले. "आणि हा कोण? भाडेकरू का हेर? चल, निघ. सगळं तिकडे पोचवणारा चमचा साला." गल्लीतली माणसं दारात आली होती. मी खाली बघत उभा राहिलो. एवढंसं बोलणं, पण ते माझ्या अंगात काट्यासारखं राहिलं.

परत येताना रेल्वेच्या फाटकाशी मालगाडी लागली. ती जाईपर्यंत सुभेदारांनी उरलेली गोष्ट सांगितली. छुंगसूला आपली मुलगी युवराजाला द्यायची होती. युवराजाचं लग्न झालेलं, तर ती बायको घालवून दिली. चोई म्हणाला, हे करू नकोस. धाकट्याने ऐकलं नाही. राजधानीच्या रस्त्यांवर दोघांची माणसं लढली. छुंगसू हरला, पळाला, आणि पाठलाग करणाऱ्यांनी त्याला मारलं. मुंडकं आलं तेव्हा चोई रडला. म्हणाला, मला तो जिवंत हवा होता.

"बाबा दर वेळी इथं थांबायचे," सुभेदार म्हणाले, "आणि आम्हाला विचारायचे, खरा रडला का खोटा? माधव म्हणायचा खरा. मी म्हणायचो खोटा."

मालगाडी संपली. फाटक उघडलं तरी ते हलले नाहीत.

लग्न झालं. सुभेदार गेले नाहीत, मंडळातलंही कुणी गेलं नाही. त्यांनी नका जाऊ असं म्हटलेलं नव्हतं. ते फक्त म्हणाले होते, "ज्याला जायचंय त्याने जावं," आणि प्रत्येकाकडे एकदा बघितलं होतं. रिकाम्या पंगतीचं दुःख माधवरावांनी मनात धरलं. त्याच पावसाळ्यात त्यांच्या थव्यातली एक पांढरी मादी वादळात भरकटून आमच्या गच्चीवर उतरली. सुभेदारांनी तिचे पंख बांधले.

आणि माधवरावांची मूत्रपिंडं गेली. आठवड्यातून दोनदा नाशिकला डायलिसिसला नेत. भरदार माणूस, कोट अडकवलेल्या खुंटीसारखा दिसायला लागला. एक दिवस सकाळी मी कामावर निघालो होतो, तर सुभेदार जिन्यावर उभे. हातात कापडी पिशवी, आत काहीतरी हलतंय.

"माधवकडे जायचं. पक्षी त्याच्या हातात द्यायचा. दुसऱ्या कुणाच्या नाही. बोलायचं काही नाही, त्याला कळतं."

"तुम्हीच चला की."

"मी गेलो तर तो उठून बसेल. त्याला उठवत नाही म्हणतात. तू कुणाच्याच बाजूचा नाहीस. तू आत पाऊल न टाकणारा माणूस आहेस."

मी पिशवी घेऊन निघालो. पादचारी पुलावर चढलो. पलीकडे माधवरावांची गल्ली दिसत होती, आणि तीच दारं, जिथं उभं राहून लोकांनी मला चमचा म्हणताना ऐकलं होतं. आत गेलो तर ते काय म्हणतील? आला का हेर? आजारी माणसाचं बोलणं तर परत फेडताही येत नाही. खाली कंपनीची बस वळणावर दिसली. मी मनाशी म्हटलं, कबूतरच आहे. त्याचं घर समोर आहे. ते काय मला विचारून जाणार आहे? मी पिशवीचं तोंड सोडलं. मादी वर गेली, एक वळसा घेतला. मी बस पकडली.

ती रुळली होती, हे मला सुचलं नाही. तिची जोडी आता आमच्या गच्चीवर होती. आयुष्यात मी कबूतर पाळलं नाही. ज्याने पाळलं असतं त्याला हे पोरवयातच कळलं असतं.

संध्याकाळी परत आलो तर सुभेदार अंगणात उभे. वर कठड्यावर पांढरी मादी बसलेली.

"दिलास?"

"दिला."

"त्याच्या हातात?"

"हो."

त्यांनी वर पाहिलं. डोळे नुसते वळले, मान नाही. "मग त्याने सोडला," म्हणाले. "बरं." आणि वर गेले. त्या दिवशी गादी कुठं पडली ते आम्हाला कळलं नाही, कारण पावलं वाजलीच नाहीत.

सांगायचं होतं तर तेव्हाच सांगायचं होतं. दुसऱ्या दिवशीही चाललं असतं. मी नाही सांगितलं. आणि मंडळात, बाजारात, न्हाव्याकडे, सगळीकडे एकच बोललं जाऊ लागलं: थोरल्याने हात पुढं केला, धाकट्याने पक्षी उडवून लावला. माधवरावांपर्यंत ते नक्की पोचलं असणार. कशा रूपात पोचलं ते तेव्हा मला माहीत नव्हतं.

महिनाभरात ते गेले. सुभेदार खांदा द्यायला गेले नाहीत. रिवाज. पण अंत्ययात्रा स्टेशनच्या रस्त्याला आली तेव्हा ते गच्चीवर कठड्याला धरून मोठमोठ्याने रडले. सबंध गल्लीने ऐकलं. "मला तो हवा होता रे," असं काहीतरी म्हणत होते. माझ्या अंगावर शहारे आले, दुःखाने नाही. त्या रडण्याचा सूर मी फाटकाशी उभा राहून आधीच ऐकला होता.

तेराव्यानंतर मी एकटाच माधवरावांकडे गेलो. शालिनीताई, त्यांच्या पत्नी, माझ्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवून बसल्या. "शेवटी शेवटी सारखे खिडकीतून वर बघायचे," त्या म्हणाल्या. "दादा पक्षी पाठवील म्हणायचे. मग कुणीतरी येऊन सांगितलं, की म्हणे पाठवला होता आणि तुम्ही उडवलात. हे मलाच विचारायला लागले, 'मी कधी उडवला गं? औषधाच्या गुंगीत उडवला का मी?' मी म्हटलं, आलाच नव्हता हो. पण त्यांना पटेना. मरेपर्यंत म्हणत होते, माझ्या हातून पाप झालं."

मी पाणी न पिता उठलो.

पुढची वर्षं मी त्याच घरात काढली. घर बदलायचा विषय निघाला की मीच टाळायचो. बायकोला वाटायचं, सुभेदारांची माया. मी त्यांचं बाजारहाट करायचो, दवाखान्यात न्यायचो, उजव्या कानाशी बोलायचो. मुग्धा कॉलेजला गेली आणि मैत्रिणींसारखी कोरियन मालिका बघायला लागली. एक दिवस धावत वर गेली, "आजोबा, तुमचा चोई खरा होता! इथं सगळं आहे, कबूतरसुद्धा! आणि हा बघा, मालिकेत त्याचं काम केलेला नट." तिने मोबाइल पुढं केला. सुभेदारांनी डोळ्यांवर हात घेतला.

"चेहरा नको दाखवू."

"अहो, नट आहे तो!"

"मला माहीत आहे तो कसा दिसतो," ते म्हणाले. "माझ्यानंतर बघ."

मुग्धाने विचारलं, तो शेवटी कसा मेला ते ठाऊक आहे का. त्यांना ठाऊक होतं. मरण जवळ आलंय असं कळल्यावर चोईने वादक बोलावले, दिवसभर वाजवून घेतलं, आणि मेला. "मला वाजंत्री नको," सुभेदार म्हणाले. "मला शांतता पाहिजे. ऐकू यायला."

"काय ऐकू यायला?"

"पंख."

मुग्धा खाली आली. नंतर ती वर एकटी गेली नाही.

शेवटच्या हिवाळ्यात ते फार खंगले. कबुतरं देऊन टाकली होती, तरी ऊन आलं की गच्चीवर खुर्ची टाकून बसायचे. एका दुपारी मी संत्रं सोलून देत होतो. आता हा माणूस जाणार, आणि मग हे मला कुणालाच सांगता येणार नाही, असं वाटलं. मी फोडी त्यांच्या हातावर ठेवल्या आणि सगळं सांगितलं. पूल, पिशवी, बस. चमचा म्हणाले होते तेही.

ते फोड चावत राहिले. बी बाजूला काढली.

"मला माहीत होतं," म्हणाले.

"काय?"

"इथून पूल दिसतो, देवरे. मी इथंच उभा होतो. तू पिशवी सोडलीस, बसकडे पळालास. पक्षी सरळ माझ्याकडे आला."

मला आधी अर्थच लागेना. मग लागला. "तुम्हाला माहीत होतं, तर दुसऱ्या दिवशी परत का नाही पाठवला? तुम्ही स्वतः का नाही गेलात?"

त्यांनी स्टेशनच्या दिशेने बघितलं. "पक्षी उतरला ना, तेव्हा मला बरं वाटलं. खरं सांगतो. मी पाठवला होता, हे खरं. परत आला, हेही खरं. मधलं तेवढं तुझं. मी तुला विचारलं, हातात दिलास का. तू हो म्हणालास. मग मला काही खोटं बोलावंच लागलं नाही."

"आणि माधवराव?"

"त्याला वाटायचं चोई खरा रडला." त्यांनी दुसरी फोड घेतली. "छुंगसूला कुणी मारलं, त्या माणसाचं नाव काय होतं? बाबांनी कधी सांगितलं नाही. नाव लागत नाही. असा एक माणूस जवळ असावा लागतो, बस. तुला काय वाटलं, इतकी वर्षं तुला इथं ठेवून घेतला तो भाड्यासाठी?"

आवाजात राग नव्हता, उपकारही नव्हते. हाक मारून आत पाऊल न टाकणाऱ्या माणसाशी ते पहिल्या दिवशी जसे बोलले होते तसेच बोलत होते. मी इतकी वर्षं ओझं वाहत होतो ते माझं एकट्याचं आहे असं समजून. त्यांनी अर्धं उचललं, आणि माझं काही हलकं झालं नाही. उलट आता ते ओझं माझ्याकडे बघत होतं.

मी उठलो. जिना उतरलो, अंगण ओलांडलं, फाटकातून रस्त्यावर आलो. कुठं जायचं ते ठरलं नव्हतं. पाय चालत होते.

"देवरे!"

वळून पाहिलं. कठड्यापाशी ते उभे होते. दुपारचं ऊन त्यांच्या मागे होतं, त्यामुळे चेहरा दिसत नव्हता, नुसती आकृती. ते स्वतःच्या पायांवर कसे उठले कोण जाणे.

"फाटकाची कडी लावलीस का?"

"लावली!" मी ओरडलो.

ते हलले नाहीत. फाटक तिथून दिसत नाही, आमच्या दारावरचा पत्रा आडवा येतो.

"बघून सांग," ते म्हणाले.

मी परत गेलो. कडी लोंबत होती.